ब्रिजवॉटरसारख्या हेज फंडातील नोकरी स्वीकारावी का? नवख्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा वित्तीय अभियांत्रिकीचे शिक्षण संपवत आलेल्या काही मराठी विद्यार्थ्यांपुढे एखाद्या हेज फंडाचा, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचे पैसे गुंतवणाऱ्या खाजगी कंपनीचा, नोकरीचा प्रस्ताव येतो. पगाराचा आकडा वाचल्यावर पुढचे प्रश्न विचारण्याची इच्छा बहुधा तिथेच मावळते. फंडाची ख्याती केवळ नफ्याची असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. मात्र काही फंड आपल्या कार्यसंस्कृतीसाठीच ओळखले जातात, आणि अशा ठिकाणी रुजू होण्यापूर्वीचा विचार वेगळ्या क्रमाने करावा लागतो. या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कनेक्टिकटमधील ब्रिजवॉटर असोसिएट्स. तिच्याविषयी बाजूने आणि विरोधात इतके प्रसिद्ध झाले आहे की बाहेरच्या माणसालाही बराच अभ्यास करता येतो. पुढील पायऱ्या त्याच संस्थेला समोर ठेवून लिहिल्या आहेत. दुसऱ्या एखाद्या आगळ्या फंडाचा प्रस्ताव हाती असेल तर नावे बदलतील, प्रश्न फारसे बदलणार नाहीत.

१. फंड काय करतो आणि त्यात तुमची जागा कोणती, हे आधी पाहा

रे डॅलिओ यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कमधील राहत्या घरातून ब्रिजवॉटरची सुरुवात केली. निवृत्तिवेतन निधी, विद्यापीठांचे निधी आणि सरकारी गुंतवणूक संस्था हे तिचे प्रमुख ग्राहक. १९९१ मधील 'प्युअर अल्फा' आणि १९९६ मधील 'ऑल वेदर' या दोन फंडांवर तिचे नाव उभे राहिले, आणि एकेकाळी १५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम सांभाळणारा हा जगातील सर्वांत मोठा हेज फंड होता; आता ती रक्कम बरीच खाली आली आहे. व्याजदर, चलने, सरकारी रोखे, वस्तुबाजार अशा देशोदेशींच्या अर्थव्यवस्थांशी जोडलेल्या गोष्टींवर ही संस्था पैसे लावते, आणि ते कोणाच्या अंतःप्रेरणेवर न लावता आधी लिहून काढलेल्या व संगणकात बसवलेल्या नियमांनुसार लावते.

या शेवटच्या गोष्टीचा नवख्यावर थेट परिणाम होतो. दिवसभर पडद्यासमोर बसून खरेदी-विक्रीचे निर्णय घ्यायचे, अशी हेज फंडातील कामाची कल्पना घेऊन कोणी तिथे गेला तर त्याची निराशा होईल. कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक तंत्रज्ञान, व्यवहारांची नोंद व पडताळणी, ग्राहकसेवा, कायदा आणि व्यवस्थापन या कामांत असतात, आणि गुंतवणुकीच्या नियमांचे गाभ्याचे ज्ञान थोड्यांच्याच हाती असते. म्हणून प्रस्तावातील पदनामावर न थांबता असे विचारावे की पहिल्या वर्षी मी रोज काय करीन, माझे काम कोण तपासील, आणि दोन वर्षांनी बाहेर पडलो तर दुसरीकडे उपयोगी पडेल असे कोणते कौशल्य माझ्याजवळ असेल. संस्थेच्या स्वतःच्या परिभाषेत रुळण्यातच सगळी शक्ती खर्च होणार असेल आणि हातात दुसरीकडे चालणारे काम राहणार नसेल, तर चांगला पगारही महाग पडतो. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये या संस्थेने सुमारे ७ टक्के कर्मचारी कमी केले, हेही ध्यानात असावे. नोकरी टिकण्याची हमी तिथे नाही, आणि अमेरिकेतील खाजगी नोकरीत ती सहसा कुठेच नसते.

२. घोषणा बाजूला ठेवून यंत्रणा समजून घ्या

संस्कृतीविषयी प्रत्येक कंपनी काहीतरी सुंदर लिहिते. ब्रिजवॉटरचे वेगळेपण असे की तिने आपल्या विचारांना यंत्रांचे रूप दिले. डॅलिओ यांच्या २०१७ मधील 'प्रिन्सिपल्स' या पुस्तकात ती सविस्तर वर्णिली आहेत, आणि या नोकरीचा विचार करणाऱ्याने ते पुस्तक मुलाखतीची तयारी म्हणून न वाचता नोकरीच्या अटींचा मसुदा म्हणून वाचावे.

ठळक गोष्टी अशा. बहुतेक बैठकांचे ध्वनिमुद्रण होत असे आणि ते इतर कर्मचाऱ्यांना ऐकता येत असे. बैठक चालू असतानाच उपस्थित लोक 'डॉट कलेक्टर' नावाच्या अ‍ॅपवर एकमेकांना वेगवेगळ्या गुणांसाठी एक ते दहा असे गुण देत. या गुणांवरून आणि व्यक्तिमत्त्व चाचण्यांवरून प्रत्येकाचे एक 'बेसबॉल कार्ड' तयार होई, ज्यावर त्याची बलस्थाने आणि उणिवा सगळ्यांना दिसत. चूक झाली तर ती 'इश्यू लॉग'मध्ये नोंदवायची असे. चूक माफ, पण ती न नोंदवणे माफ नाही, असा तिथला दंडक. मतभेद झाल्यास साधे बहुमत घेत नसत, तर त्या विषयात ज्याचा आजवरचा अनुभव विश्वासार्ह ठरला आहे त्याच्या मताला अधिक वजन देत. एखाद्याविषयी जे त्याच्या तोंडावर बोलणार नाही ते त्याच्या पाठीमागेही बोलायचे नाही, हा या सगळ्याचा नैतिक पाया.

ही पद्धत विक्षिप्तपणातून आलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्जफेड थांबवली तेव्हा महामंदी येणार असे भाकीत डॅलिओ यांनी जाहीरपणे केले होते. मंदी आली नाही, शेअर बाजार वर गेला, आणि त्यांच्यावर सर्व कर्मचाऱ्यांना निरोप देऊन वडिलांकडून ४,००० डॉलर उसने घेण्याची वेळ आली. आपण ठामपणे चुकू शकतो, म्हणून आपल्याला चूक दाखवणारी माणसे जवळ हवीत, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. गुंतवणुकीच्या धंद्यात हा धडा अगदी रास्त आहे, कारण तिथे वरिष्ठांची मर्जी राखणाऱ्या हुजऱ्यांमुळे खरोखरच कोट्यवधींचे नुकसान होते.

मात्र वरील वर्णन प्रामुख्याने डॅलिओ यांच्या काळातील आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी संस्थेवरील नियंत्रण सोडले आणि २०२५ मध्ये उरलेला हिस्साही विकून संचालक मंडळातून ते बाहेर पडले. कारभार आता मुख्याधिकारी निर बार डिया यांच्याकडे आहे. त्यामुळे पुस्तकातील कोणती पद्धत आज जशीच्या तशी चालू आहे, कोणती सौम्य झाली आणि कोणती बंद पडली, हे ज्या गटात तुम्ही काम करणार त्या गटातील माणसांनाच विचारावे लागेल. दहा वर्षांपूर्वीच्या कथांवरून निर्णय घेणे आणि भरती अधिकाऱ्याच्या एका वाक्यावरून घेणे, दोन्ही सारखेच कच्चे.

३. टीका वरच्या दिशेने जाते का, हे तपासा

नवखे स्वतःला बहुधा असे विचारतात: मला तोंडावर केलेली टीका सहन होईल का? हा प्रश्न वाटतो तितका महत्त्वाचा नाही. टीका सहन करायला बहुतेक माणसे काही महिन्यांत शिकतात. स्वतः डॅलिओ यांनी तिथे रुळण्यास साधारण १८ महिने लागतात असे म्हटले आहे. खरा प्रश्न पुढचा आहे: माझ्यावर झालेली टीका चुकीची असेल, किंवा वरिष्ठाचाच निर्णय चुकीचा असेल, तर मला काय करता येईल? परखडपणा फक्त वरून खाली वाहत असेल तर त्याला मोकळेपणा म्हणण्याचे कारण नाही. मोठ्यांनी लहानांना फटकारण्यासाठी काही अब्ज डॉलरच्या संस्थेची गरज पडत नाही. ते घरोघरी चालते.

या बाबतीत दोन्ही बाजूंचा पुरावा उपलब्ध आहे. डॅलिओ यांनी २०१७ मधील एका जाहीर व्याख्यानात आपल्याला आलेला एक ईमेल दाखवला होता. त्यात एका सहकाऱ्याने, एका बैठकीत तुम्ही अजिबात तयारी न करता आलात आणि तुमची कामगिरी 'डी मायनस'च्या, म्हणजे जेमतेम उत्तीर्ण श्रेणीच्या, लायकीची होती, असे संस्थापकालाच लिहिले होते. असे पत्र लिहिता येते आणि ते लपवले जात नाही, ही लहान गोष्ट नाही. जेम्स कोमी २०१० ते २०१३ या काळात तिथे मुख्य विधी अधिकारी होते आणि त्यानंतर ते एफबीआयचे संचालक झाले; तिथल्या परखड वातावरणाविषयी ते पुढे चांगलेच बोलले आहेत.

दुसऱ्या बाजूला २०१६ मध्ये एका कर्मचाऱ्याने कनेक्टिकटच्या मानवी हक्क आयोगाकडे केलेल्या तक्रारीत वरिष्ठाकडून लैंगिक छळ झाल्याचा आणि संस्थेत भीतीचे वातावरण असल्याचा आरोप होता. संस्थेने आरोप नाकारले आणि तक्रार नंतर मागे घेण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने तिच्या गोपनीयतेच्या करारांवर आक्षेप घेतला. २०२० मध्ये एक लवाद निकाल बाहेर आला: नोकरी सोडून स्वतःची संस्था काढणाऱ्या दोन माजी कर्मचाऱ्यांवर ब्रिजवॉटरने व्यापारी गुपिते चोरल्याचा दावा केला होता, आणि लवादाने संस्थेनेच खोटा पुरावा तयार केल्याचे नमूद करून तिला सुमारे २० लाख डॉलरचा कायदेशीर खर्च भरायला सांगितले. सत्याच्या शोधाला सर्वोच्च स्थान देणाऱ्या संस्थेबाबतचा हा निष्कर्ष मला इतर सर्व आरोपांहून जड वाटतो, कारण तो कोणा रुष्ट माणसाच्या आठवणीवर आधारलेला नाही. दोन्ही बाजू ऐकून घेतलेल्या लवादाचा आहे. २०२३ मध्ये रॉब कोपलँड या पत्रकाराने लिहिलेल्या 'द फंड' या पुस्तकात, विश्वासार्हतेचे गुण मोजण्याची व्यवस्थाच संस्थापकाच्या बाजूने झुकवलेली होती असा आरोप आहे. डॅलिओ यांनी त्या पुस्तकातील चित्रण नाकारले. हे आणि 'प्रिन्सिपल्स' अशी दोन्ही पुस्तके वाचावीत, आणि एकाच घटनेचे वर्णन दोघे कसे करतात तिथे विशेष लक्ष द्यावे.

यावरून ती संस्था वाईट आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. इतके मात्र स्पष्ट होते की परखडपणाची हमी अ‍ॅपमध्ये नसते. खालच्या माणसाने वर बोट दाखवल्यावर त्याचे काय होते, यावर ती अवलंबून असते. आणि ते पुष्कळदा त्या माणसाला नोकरी सोडणे कितपत परवडते यावर ठरते. संस्थापकाला 'डी मायनस' देणाऱ्याची स्थिती आणि नुकत्याच रुजू झालेल्या, व्हिसासाठी कंपनीवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याची स्थिती एकच नसते. म्हणून पुढच्या दोन पायऱ्या, ज्या वरवर कागदपत्रांच्या वाटतात, त्या प्रत्यक्षात संस्कृतीच्याच आहेत.

४. करारातील बाहेर पडण्याची कलमे आधी वाचा

ऑफर लेटर आल्यावर पगाराचे पान सगळेच वाचतात. तुम्ही शेवटच्या पानांपासून सुरुवात करा.

पहिले कलम स्पर्धाबंदीचे. नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ स्पर्धक संस्थेत काम करता येणार नाही, अशी अट हेज फंडांत सर्रास असते, आणि ब्रिजवॉटरच्या करारांतील बंदी दोन वर्षांपर्यंतची असल्याचे वेळोवेळी प्रसिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२४ मध्ये अशा अटींवर देशभर बंदी आणणारा नियम केला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२५ मध्ये आयोगाने अपील सोडून दिले. तो नियम आपल्याला वाचवील या भरवशावर राहू नये. कनेक्टिकटमध्ये न्यायालये अशी अट वाजवी आहे की नाही हे काळ, प्रदेश आणि कर्मचाऱ्याच्या उपजीविकेवरील परिणाम पाहून ठरवतात, म्हणजे निकाल आधी सांगता येत नाही आणि तो मिळवायला वकिलाचा खर्च करावा लागतो. तुम्ही विचारायचे ते असे: बंदीच्या काळात पूर्ण पगार मिळणार का, बोनस मिळणार का, 'स्पर्धक' या शब्दात तंत्रज्ञान कंपन्या आणि बँका येतात का, आणि मला कामावरून काढले तरी ही अट लागू राहते का.

दुसरे कलम गोपनीयतेचे. गुंतवणुकीचे नियम गुप्त राहावेत ही अपेक्षा योग्यच आहे, पण वागणुकीविषयीची तक्रारही त्यात गुंडाळलेली नाही ना हे पाहावे. अमेरिकेत काही गोष्टी कोणताही करार हिरावून घेऊ शकत नाही. रोखे व विनिमय आयोगाकडे गैरव्यवहाराची माहिती देण्यापासून कोणालाही अडवता येत नाही, आणि या नियमाचा भंग केल्याबद्दल सप्टेंबर २०२३ मध्ये डी. ई. शॉ या दुसऱ्या मोठ्या हेज फंडाला १ कोटी डॉलरचा दंड झाला होता. २०२२ च्या दोन संघीय कायद्यांमुळे लैंगिक छळाच्या प्रकरणात कर्मचाऱ्याला लवादाची सक्ती करता येत नाही, आणि वाद उद्भवण्याआधी सही केलेला गप्प राहण्याचा करारही तिथे चालत नाही. बाकीचे बहुतेक वाद मात्र लवादाकडे, म्हणजे बंद दाराआड जातील, असे गृहीत धरावे.

तिसरे कलम पुढे ढकललेल्या मोबदल्याचे. बोनसचा काही भाग काही वर्षांनी देण्याची पद्धत असेल तर तो कोणत्या कारणांनी बुडू शकतो, हे शब्दशः वाचावे. संस्थेच्या माजी सहमुख्याधिकारी आयलीन मरे यांनी २०२० मध्ये नेमक्या अशा थकीत मोबदल्यावरून संस्थेवर दावा लावला होता. लिंगभेदाच्या वादाची माहिती आपण बाहेर दिली म्हणून तो अडवला गेला असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याच वर्षी प्रकरण तडजोडीने मिटले. इतक्या वरच्या पदावरील व्यक्तीला न्यायालयात जावे लागले, तर नवख्याने हे कलम डोळे झाकून मान्य करणे शहाणपणाचे नाही. रुजू होताना मिळालेला बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो का, हेही याच वेळी विचारावे. कामगार कायद्याच्या वकिलाकडून करार एकदा तपासून घेण्याचा खर्च पहिल्या पगाराच्या मानाने किरकोळ असतो आणि तो वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

५. व्हिसा आणि करार शेजारी ठेवून वाचा

भारतीय नागरिकांसाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच बहुधा गाळली जाते. शिक्षणानंतरच्या ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरील तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी २४ महिने मिळतात. त्या काळात बेरोजगारीचे दिवस मोजले जातात, पहिल्या टप्प्यात ९० आणि वाढीव मुदत मिळाल्यास एकूण १५०. मालकाने अर्ज करून मिळणाऱ्या एच-१बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरा मालक शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी कमाल ६० दिवस मिळतात. सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून आणायच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावल्यामुळे, एकदा देश सोडून पुन्हा येण्याची वाटही अरुंद झाली आहे.

आता स्पर्धाबंदीचे कलम यांच्या शेजारी ठेवा. अमेरिकी नागरिकाला वर्षभर घरी बसणे जड जाईल, पण तो बसू शकतो. तुम्हाला मात्र ६० दिवसांत नवी नोकरी हवी आणि ज्या क्षेत्रात तुमचे कौशल्य आहे त्याच क्षेत्रात ती घेता येत नाही, असा पेच पडतो. वेगवेगळी वाचली तर दोन्ही कलमे निरुपद्रवी दिसतात. एकत्र आली की त्यांचा अर्थ मायदेशी परत जाणे असाही होऊ शकतो. बंदीच्या काळात संस्था पगार देत राहिली तरी काम करत नसताना व्हिसाचा दर्जा टिकतो का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर इमिग्रेशनच्या वकिलाकडून घ्यावे, मित्राकडून नाही. नियम सतत बदलत असल्याने हे उत्तर सही करण्याच्या आठवड्यातले असावे. संस्थेलाही सरळ विचारावे की एच-१बीच्या सोडतीसाठी पहिल्याच वर्षी मार्चमध्ये नोंदणी करणार का, निवड झाली नाही तर दुसऱ्या देशातील कामाची काही सोय आहे का, आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया केव्हा सुरू होते.

एवढे केल्यावर तुम्हाला कळेल की त्या बैठकीत बसून वरिष्ठाला कमी गुण देण्याची ताकद तुमच्याजवळ कितपत असेल. ज्याला बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे तो अशा वातावरणात खरोखर शिकतो. ज्याला ती नाही तो काही महिन्यांत कोणाला किती गुण द्यावेत याचे राजकारण शिकतो.

६. स्वतःची भीड तपासा

मराठी घरांतून आणि महाविद्यालयांतून आलेल्या अनेकांना मोठ्यांपुढे उलट बोलू नये, सरांची चूक चारचौघांत दाखवू नये, असे वळण लागलेले असते. ते वाईट नाही, पण या ठिकाणी गप्प बसणे ही उणीव म्हणून नोंदली जाऊ शकते. याच्या उलट, वादविवादात मुरलेल्या माणसाला हे वातावरण घरच्यासारखे वाटेल असेही नाही, कारण वाद जिंकणे आणि आपली चूक मान्य करणे या दोन वेगळ्या सवयी आहेत आणि दुसरी अधिक दुर्मीळ.

याची चाचणी नोकरीआधीच घेता येते. प्रकल्पातील दोन सहकाऱ्यांना आणि एका मार्गदर्शकाला तुमच्या कामातील तीन उणिवा लेखी द्यायला सांगा, आणि त्यातील एक तरी अन्यायकारक वाटली तर तिचे काय करता ते पाहा. रात्री झोप उडाली, की दुसऱ्या दिवशी तिचे खंडन पुराव्यासह करता आले? शांतपणे खंडन करता येणे हे कातडी जाड असण्यापेक्षा अधिक उपयोगी. डॅलिओ यांनी २०२१ मध्ये 'प्रिन्सिपल्सयू' ही व्यक्तिमत्त्व चाचणी सर्वांसाठी खुली केली. ती देऊन पाहावी, निष्कर्षावर विश्वास ठेवण्यासाठी म्हणून नाही, तर आपले असे वर्णन रोज सहकाऱ्यांसमोर टांगलेले असणे कसे वाटेल याचा अंदाज येण्यासाठी. चिंतेचा किंवा नैराश्याचा त्रास असेल तर हा विचार डॉक्टरांसह करावा. त्यात कमीपणा नाही.

७. मुलाखतीत आणि माजी कर्मचाऱ्यांना विचारायचे प्रश्न

ब्रिजवॉटरच्या मुलाखतींत उमेदवारांना गटात बसवून वादग्रस्त विषयावर चर्चा करायला लावतात, असे अनेकांनी सांगितले आहे. तिथे जिंकण्याचा प्रयत्न करू नका. दुसऱ्याचा मुद्दा पटला तर तसे म्हणा. उमेदवारालाही त्या तासाभरात बरेच दिसते. मुलाखत घेणारे एकमेकांचे बोलणे खोडतात का, की सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या चेहऱ्याकडे पाहून बोलतात, हे टिपून ठेवा.

तुमची पाळी आली की गुळगुळीत प्रश्न विचारू नका. 'मोकळेपणा आहे का' या प्रश्नाला 'हो' याखेरीज उत्तर नसते. विचारा की गेल्या सहा महिन्यांत एखाद्या कनिष्ठाच्या आक्षेपामुळे तुमचा कोणता निर्णय बदलला. विचारा की तुमच्या गटातून अलीकडे कोण गेले आणि ते जाण्याचे कारण त्यांच्या शब्दांत काय होते. विचारा की चुकीचे मूल्यमापन झाल्याचे मान्य करून ते पुसल्याचे एखादे उदाहरण आहे का. बैठकीची ध्वनिमुद्रणे किती काळ ठेवतात, कोण ऐकू शकतो, आणि वाद झाल्यास कर्मचाऱ्याला आपले ध्वनिमुद्रण मिळते का, हेही विचारा. परखडपणाचा अभिमान सांगणारी संस्था या प्रश्नांनी चिडली, तर एवढ्यावर पाय मागे घ्यायला हरकत नाही.

माजी कर्मचाऱ्यांपैकी दोन प्रकारच्या लोकांशी बोलावे: वर्षाच्या आत गेलेले, आणि चार-पाच वर्षे राहून गेलेले. पहिल्यांकडून धक्का कुठे बसतो ते कळते, दुसऱ्यांकडून त्याची किंमत पुढे वसूल झाली का ते. ते कराराने बांधलेले असतात, म्हणून नावे आणि गुंतवणुकीचे तपशील विचारून त्यांना अडचणीत आणू नये. 'तुमच्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला तिथे जाऊ द्याल का' एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

८. पैसा आणि गाव

याबद्दल थोडक्यात. हेज फंडातील बोनस बहुधा संस्थेच्या मर्जीवर असतो, त्यामुळे घरभाडे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायची रक्कम हे सारे मूळ पगारात बसते का, एवढेच पाहावे. ब्रिजवॉटरचे मुख्यालय असलेले वेस्टपोर्ट हे समुद्रकाठचे श्रीमंत आणि शांत गाव न्यूयॉर्कपासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. मेट्रो-नॉर्थ रेल्वेने ग्रँड सेंट्रलहून तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि अनेक जण नॉरवॉक किंवा स्टॅमफर्डला राहून ये-जा करतात. दिवसभर सहकाऱ्यांच्या नजरेखाली राहिल्यावर संध्याकाळी कामाबाहेरची माणसे भेटणे आवश्यक असते, म्हणून भाडे थोडे जास्त पडले तरी ओळखीचे लोक असलेल्या गावात राहावे असे मी सुचवीन.

९. होकार दिल्यास, आणि पुढे सोडायचे झाल्यास

रुजू होण्यापूर्वीच दोन तारखा ठरवून घरच्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा: एक सहा महिन्यांची आणि एक १८ महिन्यांची. पहिल्या तारखेला झोप, तब्येत आणि जवळच्या माणसांशी असलेले बोलणे बिघडले आहे का, एवढेच पाहायचे. दुसऱ्या तारखेला शिकलेले काम बाहेर चालेल असे आहे का, आणि तुमच्या आक्षेपाने एकदा तरी काही बदलले का, हे पाहायचे. निर्णय त्या दिवशी घ्यायचा, भांडण झालेल्या संध्याकाळी नाही. दरम्यान सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठवावी, आणि पगारवाढीबरोबर राहणीमान लगेच वाढवू नये.

तुमच्या मूल्यमापनाविषयी वाद असेल तर घटना, तारीख आणि उपस्थितांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी, पण संस्थेची कागदपत्रे, आज्ञावली किंवा ध्वनिमुद्रणे वैयक्तिक ईमेलवर अथवा फोनवर कधीही घेऊ नयेत. तक्रार कितीही खरी असली तरी त्या एका कृतीने तुम्हीच आरोपी ठरता. छळाची किंवा गैरव्यवहाराची बाब असेल तर राजीनाम्यापूर्वी वकिलाला भेटावे, कारण कनेक्टिकटच्या मानवी हक्क आयोगाकडे जाण्यासारख्या मार्गांना कालमर्यादा असते. सोडताना समोर येणाऱ्या नव्या करारावर त्याच बैठकीत सही करू नये. वाचायला वेळ मागावा, आणि एच-१बीवर असाल तर कामाचा शेवटचा दिवस कोणता धरला जाणार हे लेखी घ्यावे, कारण ६० दिवसांची मोजणी तिथून सुरू होते.